दगडाखालचा कोळसा

माउंट रॉस्किल, ऑकलंड
७ एप्रिल २०२४

कौमुदी,

वर 'चिरंजीव' लिहावं की नाही या विचारात दोन कागद फुकट गेले. जिच्याशी चार वर्षं बोललो नाही त्या मुलीला एकदम आशीर्वाद द्यायला हात धजावत नाही, आणि तुलाही ते पटणार नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं. ते मीच ठेवलेलं आहे, तेवढा हक्क असावा.

हे पत्र मी स्वतःहून लिहीत नाहीये, हे आधीच स्पष्ट करतो. तुझी आई तुझ्याशी रोज बोलते ते मला ठाऊक आहे. फोन घेऊन ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला जाते आणि पाऊण तास एकच टॉवेल वाळत घालते. परवा परत आली आणि फरसबी मोडता मोडता म्हणाली, "मोजणीच्या दिवशी भांडणातल्या दोन्ही बाजूंची माणसं एका बांधावर कशी आणायची हो? कौमुदीने तीनदा दिवस ठरवला, तीनदा एक बाजू आलीच नाही."

मी म्हटलं, "मला कशाला विचारते? तिच्याकडे ड्रोन आहे ना?"

"ती नाही विचारत. मी विचारतेय," आई म्हणाली आणि शेंगा घेऊन आत गेली.

तर वासंतीबाईंच्या शब्दाला मान देऊन लिहितो. (वासंती, या पानांचे फोटो काढून तूच पाठवणार आहेस, म्हणजे तूच आधी वाचणार. वाच.)

मला जे समजलं ते असं. पामर्स्टन नॉर्थची मातीच्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून तू बोगनव्हिल नावाच्या बेटावर गेली आहेस. तिथे तांब्याच्या खाणीवरून भांडण पेटलं आणि दहा वर्षं एकाच बेटावरची माणसं एकमेकांना मारत होती. तह होऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण जमिनीचा निकाल लागलेला नाही. युद्धात जे डोंगरावरून पळाले ते परत आले, तेव्हा त्यांच्या मळ्यात दुसऱ्या कुळाची माणसं कसत होती. दोन्ही कुळं युद्धात समोरासमोर होती. तुझ्या संस्थेला हद्द ठरवून द्यायची आहे, जूनअखेर झालं नाही तर काम बंद करून सगळे निघून जाणार. आणि गेल्या महिन्यात एका बाजूच्या पोरांनी दुसऱ्यांचे तीस माड तोडले. बरोबर?

मग ऐक. बत्तीस वर्षं या हातांनी हद्दी कायम केल्या आहेत. भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार म्हणून सुटलो, म्हणजे दुसऱ्यांच्या मोजण्या तपासणारा. माझी मोजणी फेरतपासणीत एकदाही फिरली नाही. लगतच्या प्रत्येक खातेदाराला नोटीस द्यायची, सही घ्यायची. नोटिशीत लिहायचं की गैरहजर राहिलात तरी मोजणी होईल. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी साखळी टाकायची. न येणाऱ्यांची वाट बघत बसलं तर तुझे जून असे कितीतरी जातील. माणसं नकाशाला नाही, ठामपणाला मानतात. एवढंच सांगायचं होतं.

इकडचं म्हणशील तर मागच्या वादळात अभिनवच्या घराचं डावीकडचं कुंपण आडवं झालं. नवीन घालायचं म्हणून मी सहज टेप लावली. फुटपाथजवळ सरकारी सर्व्हेचा जुना खुंट सापडला, मागे दुसरा सापडला, दोन्हींमध्ये दोरी ताणली. जुनं कुंपण आपल्या हद्दीत एकतीस सेंटिमीटर आत होतं! अठरा मीटर लांबी, कर हिशेब. अभिनव म्हणाला, "बाबा, चिल. आधी नेबरला विचारू." इरा तर थेट म्हणाली, "आजोबा, यू कान्ट जस्ट डू दॅट." नऊ वर्षांची पोर मला मोजणी शिकवते. आज सकाळी शेजारी उठायच्या आत मी खऱ्या हद्दीवर नऊ खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येकीला आईच्या जुन्या साडीचं लाल फडकं बांधलं. काम बघण्यासारखं झालंय.

अभिनवच्या वास्तुशांतीला, पंचवीस पाहुण्यांसमोर तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. मी शिरसवाडीच्या मोजणीची गोष्ट सांगत होतो आणि तू मध्येच म्हणालीस, "पुढचं पण सांगा ना, बाबा." पुढचं काही नव्हतं. मोजणी बिनचूक होती. त्या विषयावर या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही.

बाबा


माउंट रॉस्किल
२६ एप्रिल

कौमुदी,

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. आई म्हणते, तू वाचलंस आणि "अच्छा" म्हणालीस. तुझा 'अच्छा' मला चांगला माहीत आहे. तुझ्या आजीकडून आलाय तो.

इथे काय झालं ते सांगतो, हसायचं असेल तर हस. खुंट्या ठोकल्या त्याच संध्याकाळी दार उघडलं तर पायरीवर माझ्या नऊच्या नऊ खुंट्या. धुऊन, पुसून, सुतळीने नीट मोळी बांधलेल्या. लाल फडकी घडी करून वर ठेवलेली. आणि शेजारी फेजोआची भरलेली पिशवी. फेजोआ म्हणजे इथलं पेरूच्या चवीचं हिरवं फळ, या दिवसांत ज्याच्या त्याच्या अंगणात सडा पडलेला असतो. मी संतापलो. शेजारी भांडायला आला असता तर भांडलो असतो, पण फळं देणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

मी दोन आठवडे त्याच्याकडे पाहिलं नाही. पण आपल्या घरात कुणाची पिशवी रिकामी परत जात नाही, आणि आईने त्या पिशवीत बेसनाचे बारा लाडू भरून काल ती माझ्या हातात दिली. "जा, देऊन या. इथल्या भाषेत सॉरी म्हणायचं नसेल तर म्हणू नका. लाडू द्या आणि या."

काल अँझॅक डे होता, इथला सैनिकांचा दिवस. हेमी पहाटेचा कार्यक्रम करून आला होता आणि कोट घालून आपल्या पायरीवर बसला होता. हेमी म्हणजे तो शेजारी. माओरी, साठीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. छातीवर पदकं होती.

"किया ओरा, मिस्टर सर्व्हेअर," तो म्हणाला.

मी पिशवी दिली. त्याने एक लाडू तोंडात टाकला, डोळे मिटले आणि तो सावकाश संपवला. मग म्हणाला, "त्या खुंट्या मी काढल्या. विचारलं असतंत तर काढल्या नसत्या."

"पण तो फूटभर पट्टा आमचा आहे," मी म्हणालो.

"असेल. पण विचारलं नाहीत."

विषय बदलायचा म्हणून पदकाकडे बोट दाखवलं. कुठलं युद्ध, विचारलं. तो म्हणाला, "हे युद्धाचं नाही, शांततेचं. बोगनव्हिल, अठ्ठ्याण्णव साल."

कौमुदी, मी तिथेच त्याच्या पायरीवर बसलो.

तुला हे सगळं माहीत असेलच, मला नव्हतं. तह व्हावा म्हणून त्या बेटावरच्या माणसांना न्यूझीलंडने आपल्या लष्करी छावणीत आणून एकत्र बसवलं होतं. नंतर तिथे जे सैनिक पाठवले ते बंदुका न घेता गेले. मी विचारलं, "बंदुकीशिवाय? मग केलंत काय?"

"गिटार होती," हेमी म्हणाला. "पहिले तीन आठवडे नुसते बसलो. एका म्हातारीने सांगितलं, तुझा तंबू नंतर ठोक, आधी बस."

मी म्हणालो, "माझी मुलगी तिथे आहे. जमिनीच्या हद्दी ठरवते. युद्धात जे एकमेकांविरुद्ध लढले त्यांच्या." हे म्हणताना माझा आवाज थोडा चढला होता, हे मान्य करतो. न्यू लिनला आम्हा ज्येष्ठ मंडळींची बैठक भरते, तिथे मी गेली तीन वर्षं 'ती कुठल्याशा बेटावर असते' एवढंच सांगत आलो. काल पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोललो. हेमी उभा राहिला. पदकं लावलेला तो माणूस उभा राहिला आणि त्याने माझा हात हातात घेतला. तुझ्यामुळे.

मी तुझी अडचण सांगितली, की तीनदा दिवस ठरवला आणि एक बाजू आली नाही. तो हसला. "कोण येत नाही? बायका ना? तिथे जमीन आईकडून मुलीकडे जाते. तुमची मुलगी कुणाला बोलावतेय, मुखियांना? बायकांना वगळून हद्द ठरवली तर ती हद्द नसतेच."

मग त्याने जे सांगितलं त्याने माझी झोप गेली. तो तारानाकी प्रांतातला. म्हणाला, "आमच्याकडचं युद्ध कशावरून पेटलं ठाऊक आहे? सर्व्हेअरच्या साखळीवरून. १८६० साल, वायतारा. जमीन एकाने विकली, बाकीच्यांना कुणी धड विचारलं नाही. सरकारने मोजणीची माणसं पाठवली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या आणि त्यांनी मोजणी अडवली. हातात काही नाही, नुसत्या बायका. महिन्याभरात तोफा सुरू झाल्या." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "म्हणून खुंट्या दिसल्या की मी त्या काढतो, मेट. आमच्या घराण्याची जुनी सवय आहे. तुमच्यावर राग नाही."

मी घरी आलो. आईने विचारलं, लाडू आवडले का. मी म्हटलं, आवडले.

साखळी धरणारी बाई मी पाहिलेली आहे, कौमुदी. आज इतकंच लिहितो.

बाबा

ता. क. मागच्या पत्रातला नोटिशीचा सल्ला कृपया पाळू नकोस.


माउंट रॉस्किल
१२ मे

कौमुदी,

तुझा एक ओळीचा निरोप आला. "बाबा, बायकाच येत नाहीयेत. तुम्हाला कसं कळलं?" चार वर्षांनी तू मला एक प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर खरं द्यायला हवं. मला हेमीने सांगितलं. पण मला ते बत्तीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

१९९२चा मे. तुझी चौथीची परीक्षा संपली होती आणि तू हट्ट केलास म्हणून तुला शिरसवाडीला बरोबर नेलं. तू जीपमध्ये लिमलेटच्या गोळ्या चघळत बसली होतीस. गावात एकाच आडनावाची दोन घराणी होती, वरची आळी आणि खालची आळी. मधल्या हद्दीवरून आधीच डोकी फुटली होती आणि साहेबांनी मुद्दाम मला पाठवलं होतं, कारण माझी मोजणी फिरत नाही. मी नोटिसा काढल्या. उताऱ्यावर ज्यांची नावं होती त्या सगळ्यांना.

मंदाबाईचं नाव उताऱ्यावर नव्हतं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि वारसनोंद कुणी लावली नव्हती. पण मधला तुकडा तीच कसत होती आणि त्यातली विहीर तिच्या सासऱ्याने खोदली होती. मी साखळी टाकली तशी ती समोर येऊन उभी राहिली, कडेवर मूल. म्हणाली, "साहेब, ती बाभळ बघा. तिथपर्यंत आमचं. माझ्या सासूने मला बांधावरून चालवत दाखवलंय."

मी नकाशातून डोकं वर काढलं नाही. म्हणालो, "बाई, तुमचं नाव नाही. बाजूला व्हा."

तिने वाकून साखळी धरली. मी पोलीसपाटलाला खूण केली. त्याने दंडाला धरून तिला बाजूला नेलं. मूल रडत होतं.

आता मधुकरची गोष्ट. तुला मधुकर आठवत असेल, माझा साखळीवाला, तुला खांद्यावर बसवून ओढा ओलांडून न्यायचा. हद्दीचा दगड पुरण्याआधी खाली कोळसा घालायची जुनी पद्धत आहे. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. उद्या कुणी दगड हलवला तरी खाली खणलं की खरी जागा सापडते. मधुकरने त्यात स्वतःची भर घातली होती. तो दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन त्यांच्या चुलीतला कोळसा मागून आणायचा आणि दोन्ही एकत्र करून दगडाखाली ठेवायचा. मी त्याला हसायचो. तो म्हणायचा, साहेब, स्वतःच्या चुलीतलं जिथे पुरलंय तिथला दगड माणूस सहसा उपटत नाही. खात्याच्या कुठल्याही नियमावलीत हे नव्हतं. पण बत्तीस वर्षांत माझा दगड कुठे हलला नाही आणि त्याचं श्रेय मी माझ्या साखळीला देत आलो.

त्या दिवशी त्याने विचारलं, "साहेब, मंदाबाईच्या चुलीतला आणू?" मी म्हणालो, "ऊन चढतंय. ठोक दगड." तो एकच दगड माझ्या नोकरीत कोळशाशिवाय पुरला गेला.

नकाशाप्रमाणे विहीर खालच्या आळीत गेली. दोन महिन्यांनी त्याच विहिरीवर पाणी भरण्यावरून मंदाबाईचा धाकटा दीर कोयत्याच्या घावाने मेला. पुढे सात वर्षं गाव एक नव्हतं. दोन पाणवठे, दोन दुकानं, लग्नकार्याची बोलावणी बंद, शाळेत पोरांच्या दोन रांगा. तू ज्या बेटावर आहेस त्याच्याशी तुलना करत नाही, तिथे हजारो गेले. पण इथे जो एक गेला तो माझ्या साखळीच्या टोकाला गेला.

आणि आता ते, जे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. (वासंती, बस जरा.) मोजणीच्या पंचनाम्यात मी माझ्या हाताने लिहिलं, 'कोणाचीही हरकत नाही.' मोजणी बिनचूक होती, कौमुदी. पंचनामा खोटा होता. पुढे पोलीस आले, तेव्हाही मी तोच कागद पुढे केला. निवृत्त झालो, भाषणं झाली, शाल मिळाली आणि मी तीच गोष्ट अभिमानाने सांगत राहिलो. बिनचूक हा शब्द माझा इतका लाडका होता की त्यामागे एक बाई लपवता आली.

तू जीपमध्ये होतीस. तू ऐकलं होतंस. वास्तुशांतीला तू मला अपमानित करायला बोलली नाहीस, तू साक्ष देत होतीस. आणि मी उठून गेलो, कारण त्या हरकतीची नोंद मी परत टाळली. मला क्षमा कर म्हणत नाही, ते आधी दुसऱ्या कुणाला तरी म्हणायचं आहे. तू खरी होतीस, एवढं लिहून देतो. खाली सही करतो.

आता कामाचं. नकाशा घडी करून पिशवीत ठेव आणि ड्रोन घरी. कुणालाही मोजणीला बोलावू नकोस. दोन्ही कुळांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा, बस, आणि विचार, तुमच्या आईने तुम्हाला बांधावरून कसं चालवलं होतं? दाखवाल का? मग त्या पुढे चालतील. तू मागे चाल. त्या भांडल्या तर थांब, पण मध्ये पडू नकोस. आणि जिथे दोघींचं एकमत होईल तिथे दोन्ही घरच्या चुलीतला कोळसा. हा सल्ला माझा नाही, मधुकरचा आहे. तो असता तर तुला स्वतः सांगितला असता.

बाळासाहेब, सेवानिवृत्त निमतानदार
तुझा बाबा


माउंट रॉस्किल
३० जून

चिरंजीव कौमुदी,

बघ, आज लिहिता आलं.

तुझा अकरा मिनिटांचा आवाज काल रात्री जेवताना आला आणि जेवण तिथेच थांबलं. अभिनवने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. सूनबाईने, राजश्रीने, गॅस बंद केला. इराला तुझं सगळं मराठी कळलं, दोन ठिकाणी तिनेच आम्हाला "श्श, लिसन" म्हणून गप्प केलं.

सतरा बायका आल्या, तू म्हणालीस. काठी टेकत सगळ्यांत पुढे एक, तिच्यामागे समोरच्या कुळातली दुसरी. त्या युद्धात दोघींचे मुलगे गेलेले, एकमेकांच्या बाजूच्या हातून. चार तास चालल्या. दोनदा भांडल्या, एकदा वाटेतच बसल्या आणि तासभर सुपारी चघळत नुसत्या गप्प राहिल्या. तू मागे उभी राहिलीस, पाय भरून आले तरी. आणि जिथे थांबल्या ती हद्द तुझ्या नकाशापासून साठ मीटर दूर निघाली. "नकाशा चुकला, बाबा, आणि कुणी भांडलं नाही," म्हणताना तू हसलीस. साठ मीटर! माझ्या नोकरीत साठ सेंटिमीटरला मी माणसांना मेमो दिलेत. आणि मी या टेबलाशी बसून साठ मीटरच्या चुकीवर टाळी वाजवली. आई माझ्याकडे बघतच राहिली.

मग दोन्ही चुलींतला कोळसा आणि त्यावर दगडाऐवजी ते लाल पानांचं झाड, जे तिकडे बांधावर लावतात. हे उत्तम केलंस. दगडाला पाणी घालावं लागत नाही, झाडाला घालावं लागतं. दोन्हीकडच्यांना तिथे यावं लागेल.

सगळं मिटलं नाही, हेही तू सांगितलंस, आणि त्याचा मला जास्त अभिमान वाटला. दोन तरुण पोरं अजून मानायला तयार नाहीत. तोडलेल्या माडांचं काय करायचं ते ठरायचं आहे. पावसाळ्यानंतर परत चालावं लागेल, तू म्हणालीस. चालशील. मी असतो तर त्याच संध्याकाळी 'कोणाचीही हरकत नाही' लिहून मोकळा झालो असतो. तू हरकत लिहून ठेवलीस. माझ्या पोरीचा पंचनामा खरा आहे. आज न्यू लिनच्या बैठकीत मी उभा राहून हे सगळं सांगितलं, पावणेदोन तास लागले. कुणी उठून गेलं नाही. खरं म्हणजे दारापाशी मीच आधी खुर्ची आडवी टाकून ठेवली होती.

आता आपलं कुंपण. मातारीकी, म्हणजे इथल्या नव्या वर्षाची सुट्टी होती, म्हणून शुक्रवारी हेमीने अंगणात खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर जेवण शिजवलं. आम्हा सगळ्यांना बोलावलं. आईसाठी रताळी वेगळ्या टोपलीत ठेवली होती. जेवण झाल्यावर मी विचारलं, "हेमी, कुंपण कुठे घालू या?" तो जुन्या जागेवरून चालत गेला, मी मागे. तो म्हणाला, "माझी आई इथे फुलं लावायची." झालं. कुंपण जुन्या जागीच, एकतीस सेंटिमीटर 'चूक'. त्याच्या खड्ड्यातला कोळसा आणि अभिनवच्या बार्बेक्यूमधला कोळसा इराने दोन्ही हातांनी कोपऱ्याच्या खांबाखाली टाकला आणि हात माझ्या पांढऱ्या सदऱ्याला पुसले. अभिनव म्हणाला, "हे लीगल आहे का?" मी म्हटलं, "गप रे."

एक शेवटचं. मे महिन्यात तुला ते पत्र लिहिलं, त्याच दिवशी दुसरंही लिहिलं होतं, शिरसवाडीला. मंदाबाईंना. सगळं लिहिलं, साखळी, पोलीसपाटील, पंचनाम्यातले ते तीन शब्द. पुण्याहून कल्याणीमावशीच्या मुलाने नेऊन दिलं. मंदाबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. उत्तर त्यांच्या मुलाने लिहिलंय, तेव्हा कडेवर होता तो. तीन ओळी आहेत. 'आईने पत्र दोनदा वाचून घेतलं. आई म्हणते, या. पण माफ करीन असं धरून येऊ नका, विहीर बघायला या.'

मी जाणार आहे. ऑगस्टचं तिकीट अभिनवने काढलंय. आई येतेय, ती म्हणाली, तुम्हाला एकट्याला तिथे उभं राहता येणार नाही. तिचं बरोबर आहे. पण त्या बांधावर जे झालं त्याची साक्षीदार तू एकटी आहेस आणि तो पंचनामा मला नव्याने लिहायचा आहे, हरकतीसकट. आठ दिवस मिळाले तर ये.

मंदाबाई पुढे चालतील, आपण मागे. आणि या वेळी तू जीपमध्ये बसायचं नाहीस.

बाबा